जवसाची फिर्याद

जवस हा खाण्याचा जिन्नस आहे किंवा नाही, असा प्रश्न वर्धा जिल्ह्यातील एखाद्या कास्तकारास कोणी केला, तर तो प्रश्न करणाराकडेच चमत्कारिक नजरेने पाहील. ज्वारीच्या भाकरीबरोबर जवसाची चटणी जेथे माहीत नाही असे घर या मुलखात शोधावे लागेल. आणि घाणीवरून काढून आणलेले ताजे जवसाचे तेल स्वयंपाकात वापरण्याची चाल नागपूरकडे पिढ्यान्‌पिढ्यांची आहे. परंतु हाच प्रश्न दिल्लीच्या कृषिखात्याच्या दप्तरास केला असता निराळे उत्तर मिळते. गळिताच्या नऊ पिकांची जी वर्गवारी सरकारी कागदांतून चालत आलेली आहे, तीत भुईमूग, मोहरी, सोयाबीन, सूर्यफूल, तीळ, करडई व कारळे ही सात खाद्य म्हणून दाखविलेली आहेत, आणि एरंडी व जवस ही दोन अखाद्य म्हणून. ज्या धान्याची चटणी आजीने नातवास भरविली, ते या कागदावर एरंडीच्या पंक्तीस बसलेले आहे.

आता गंमत अशी की, याच सरकारच्या दुसऱ्या एका दप्तरात जवसाचे तेल खाद्य ठरलेले आहे. अन्नात भेसळ होऊ नये म्हणून १९५४ साली जो कायदा झाला, त्याखालील नियमांत जवसाच्या तेलाची व्याख्या खाद्य तेलांच्या मालिकेतच दिलेली होती. आणि २००६ च्या अन्नसुरक्षा कायद्याखाली २०११ साली जे विनियम झाले, त्यांतही ती तशीच पुढे आलेली आहे. म्हणजे एक खाते म्हणते हे तेल खाण्याचे आहे, त्यात भेसळ कराल तर दंड करू. आणि दुसरे खाते म्हणते हे खाण्याचे नव्हेच. वकिली करणाऱ्या मनुष्यास असे परस्परविरोधी दस्तऐवज एकाच पक्षकाराच्या पेटीत सापडले म्हणजे त्यास जो आनंद होतो तो आम्हासही झाला, हे कबूल केले पाहिजे. परंतु येथे ज्याचे नुकसान होत आहे तो पक्षकार कोरडवाहू शेतकरी असल्यामुळे हा आनंद फार वेळ टिकत नाही.

कारण नुसत्या नावावर हे प्रकरण थांबत नाही. केंद्र सरकार दरवर्षी ज्या पिकांस किमान आधारभूत किंमत, म्हणजे बोलीभाषेत हमीभाव, जाहीर करते, त्या यादीत वरील सातही खाद्य गळिताची पिके आहेत. अखाद्य म्हटलेली दोन्ही त्या यादीत नाहीत. सातांपैकी एकही वगळलेले नाही आणि दोहोंपैकी एकही घेतलेले नाही, यात केवळ योगायोग आहे असे ज्यास मानावयाचे असेल त्याने खुशाल मानावे. रब्बीत वर्ध्याच्या शेतकऱ्यापुढे हरभरा, गहू आणि करडई ही हमीभावाची पिके उभी असतात आणि जवस बिनहमीचा उभा असतो. अशा स्थितीत त्याने जवस सोडून हरभरा धरला, यात त्याचा दोष कोणता?

हे नाव जवसास कोणी दिले, याचा शोध घेतला म्हणजे गेल्या दोनशे वर्षांच्या व्यापाराचा इतिहास उलगडावा लागतो; आणि तो उलगडण्यापूर्वी त्याच्याही आधीची स्थिती थोडक्यात सांगणे जरूर आहे. जवस, म्हणजे घाटावरील अळशी आणि संस्कृतातील अतसी किंवा उमा. हे पीक या देशात इतके जुने आहे की, पाणिनीने उमेच्या शेताला काय म्हणावे याचे व्याकरण सांगून ठेवले आहे. त्या शेतास ‘उम्य’ अथवा ‘औमीन’ म्हणत. पुणे जिल्ह्यातील चांदोली येथे ताम्रपाषाणयुगीन वस्तीचे उत्खनन झाले, त्यात मण्यांच्या माळेतील दोरा जवसाच्या तंतूचा असल्याचे आढळले. रामायणात कौसल्या क्षौम नेसते, आणि क्षौम म्हणजे मूळ अर्थाने क्षुमेचे, म्हणजे याच झाडाच्या वाखाचे वस्त्र होय. पुढे त्या शब्दाचा अर्थ सैल होत जाऊन रेशमी वस्त्रासही तो लावू लागले. महाभारतात भीष्म श्रीकृष्णाची स्तुती करतो तेव्हा त्या श्यामवर्णास अतसीच्या फुलाची उपमा देतो. ज्याने पहाटेच्या दवात फुललेले जवसाचे वावर पाहिले आहे त्यास ती उपमा समजावून सांगावी लागत नाही. उन्हे वर आली की त्या निळ्या पाकळ्या गळून पडतात, म्हणून दुपारी उठून शेत पाहणाराच्या वाट्यास ती शोभा येत नाही.

कौटिल्याच्या अर्थशास्त्रात तर या पिकाचे तीन ठिकाणी काम पडते. उशिरा पेरावयाच्या पिकांत अतसी आहे. कोणत्या बियांतून तेलाचा किती भाग निघावा याचे प्रमाण देताना अतसीचा सहावा भाग सांगितला आहे. आणि सूत कातविणाऱ्या अधिकाऱ्याच्या प्रकरणात विधवा, व्यंग असलेल्या व निराधार स्त्रियांकडून लोकर, कापूस, ताग यांबरोबर क्षौमही कातवून घ्यावे असे सांगितले आहे. तेल आणि तंतू या दोहोंचा हिशेब राज्यकर्ता ठेवीत होता, आणि त्यास हे पीक पोटात घालण्याचे की अंगावर घालण्याचे असा प्रश्न पडला नव्हता. ते दोन्ही होते. पुढे कापूस स्वस्त, मऊ व आपल्या हवेस अधिक सोईचा ठरल्यामुळे क्षौम मागे पडले आणि जवस बियांसाठीच उरला. या बदलात परक्याचा हात नाही, हे प्रामाणिकपणे सांगितले पाहिजे.

परक्याचा हात यापुढे दिसतो. १८३२ च्या सुमारास बंगालमधून जवसाचे बी विलायतेस जाऊ लागले, आणि थोड्याच वर्षांत या नव्या धंद्याने मोठे रूप धारण केले. इंग्लंडात त्या वेळी गिरण्या, जहाजे, घरे व आगगाड्या भराभर बांधल्या जात होत्या आणि त्या सर्वांस रंग लागत होता. रंगास जवसाचे तेल लागते, कारण या तेलात एक विशेष गुण आहे: पातळ थरात हवेस लावले की ते हवेतील प्राणवायू घेऊन सुकते आणि त्याचा कडक पापुद्रा बनतो. तिळाचे किंवा भुईमुगाचे तेल असे सुकत नाही. १८६० नंतर फ्रेडरिक वॉल्टन नामक इंग्रजाने याच घट्ट झालेल्या तेलात बुचाची पूड मिसळून जमिनीवर अंथरावयाचे लिनोलियम काढले. त्या नावातच जवसाचे लॅटिन नाव आणि तेल हे दोन शब्द जोडलेले आहेत. छापखान्याची शाईसुद्धा जवसाचे तेल उकळून त्यात काजळी घोटून केली जात असे. ज्या शाईने देशी वृत्तपत्रांनी परकीय सरकारवर टीका केली तीतही हे बी होते, हे आमच्या व्यवसायबंधूंस ऐकून बरे वाटेल.

वर्धा जिल्हा या व्यापारात केव्हा ओढला गेला हे आगगाडीच्या तारखांवरून सांगता येते. नागपूर जिल्ह्यातून तोडून हा जिल्हा १८६२ साली वेगळा झाला. पालकवाडी या खेड्याच्या जागी वर्धा शहर १८६६ साली वसविण्यात आले. आणि १८६७ साली जी. आय. पी. आगगाडी वर्ध्यावरून नागपुरास पोचली. दोन वर्षांनी सुवेझचा कालवा खुला झाला. या तिन्ही गोष्टींचा मिळून अर्थ असा की, हिंगणघाटच्या बाजारातील पोते मुंबईच्या बंदरातून थोड्या दिवसांत लंडनला पोचू लागले. इतिहासात हिंगणघाटचे नाव कापसामुळे गाजले, आणि ते योग्यच आहे. पण कापसाच्या जोडीने गहू व जवस ही रब्बीची पिके या काळ्या जमिनीत त्या काळी मोठ्या प्रमाणावर होती, आणि यांपैकी जवस हे बाजारात रोख पैसा आणणारे पीक होते. गहू घरी ठेवता येत असे. जवस, घरच्या तेलाचटणीपुरता ठेवून, बाकीचा विकावयाचा, आणि त्याच पैशावर साऱ्याचा हप्ता भरावयाचा.

या व्यापाराने शेतकऱ्याच्या हाती पैसा आला, हे नाकारण्यात अर्थ नाही. पण काय गेले? बी गेले. तेल काढून पाठविले असते तर ढेप येथे राहिली असती, ढेपेवर बैल पोसले असते आणि शेण शेतात पडले असते. सगळे बीच पोत्यात भरून पाठविल्यामुळे तेलही गेले, ढेपही गेली, आणि ढेपेतून जमिनीस परत मिळावयाचे सत्त्वही गेले. हे आम्हीच म्हणतो असे नव्हे. शेतीच्या चौकशीसाठी सरकारनेच विलायतेहून आणलेले रसायनशास्त्रज्ञ डॉ. व्होएल्कर यांनी १८९३ च्या आपल्या अहवालात गळिताच्या धान्याच्या निर्यातीने जमिनीचा कस बाहेर जातो हे स्पष्ट दाखविले होते. अहवाल छापला गेला आणि पोती जातच राहिली. जवसाची ढेप खाऊन इंग्लंडातील गुरे पुष्ट झाली, ही गोष्ट तेथील शेतीच्या पुस्तकांत अभिमानाने नोंदलेली सापडते.

आता नावाचा उलगडा होतो. एखाद्या वस्तूचा मोठा गिऱ्हाईक ज्या कामासाठी ती घेतो, तेच तिचे काम असे दप्तरात लिहिले जाते. लंडनच्या रंगवाल्याच्या दृष्टीने जवस हे रंगाचे बी होते, म्हणून येथील व्यापारी कोष्टकांतही ते औद्योगिक ठरले. आमच्या चुलीवर काय शिजते हे बंदरावरील कारकुनास दिसण्याचे कारण नव्हते. राज्य बदलले, कोष्टक राहिले. स्वराज्य मिळून पाऊणशे वर्षे लोटल्यावरही परदेशी गिऱ्हाइकाच्या गरजेवरून आपल्या पिकाची जात ठरावी, यापेक्षा अधिक लाजिरवाणी गोष्ट आमच्या मते थोडीच असेल.

परदेशी गिऱ्हाइकावर सर्वस्वी विसंबण्याचे फळही लवकरच मिळाले. १८९३ पासूनच्या दोनतीन हिवाळ्यांत अवकाळी पावसाने मध्यप्रांतात गहू व जवस या दोन्ही पिकांवर तांबेरा पडला; त्यामागून १८९६-९७ आणि १८९९-१९०० असे दोन दुष्काळ आले. शेतकरी सावरला तेव्हा त्याने कापूस आणि ज्वारी धरली व रब्बीचे क्षेत्र आखडले. इकडे अर्जेंटिनाच्या अफाट मैदानांत जवस पिकू लागला होता आणि विसाव्या शतकाच्या आरंभी विलायतेच्या बाजारात त्याने आपल्यास मागे टाकले. १९३२ साली ओटावा येथे साम्राज्यांतर्गत व्यापाराचा करार झाला व परदेशी जवसावर इंग्लंडने शेकडा १० जकात बसवून हिंदी जवसास सवलत दिली. तेव्हा निर्यात पुन्हा वाढली. त्या कराराविरुद्ध राष्ट्रीय पक्षाने जे आक्षेप घेतले ते आजही आम्हास योग्य वाटतात. तथापि जवसाच्या बाबतीत शेतकऱ्यास तात्पुरता लाभ झाला, ही गोष्ट न्यायबुद्धीने नोंदली पाहिजे. दुसऱ्या महायुद्धानंतर मात्र मूळ गिऱ्हाइकानेच पाठ फिरविली. रसायनांचे नवे रंग निघाले, लिनोलियमच्या जागी प्लास्टिकची जमीन आली, आणि रंगाचे बी म्हणून ज्याची जात ठरली होती त्यास रंगवाल्यांनीही सोडले. १९७० च्या सुमारास देशात सुमारे २० लाख हेक्टरांवर असलेले हे पीक आज दोन लाखांच्या आसपास येऊन ठेपले आहे. वर्धा जिल्ह्यात कापूस, सोयाबीन, तूर आणि हरभरा यांच्या पसाऱ्यात जवसाचे वावर आज तुरळक दिसते.

येथे कोणी म्हणेल, जे पीक बाजाराने टाकले ते शेतकऱ्याने का धरावे? प्रश्न रास्त आहे आणि त्याचे उत्तर पिकाच्या स्वभावात आहे. जवस हे कोरडवाहू काळ्या जमिनीचे पीक आहे. पूसा येथे गॅब्रिएल हॉवर्ड बाई आणि अब्दुर रहमान खान यांनी हिंदी जवसाच्या जातींचा अभ्यास करून १९२४ साली तो प्रसिद्ध केला. गंगेच्या गाळाच्या जमिनीतील जवस बारीक बियांचा व उथळ मुळांचा, आणि दख्खनच्या काळ्या जमिनीतील जवस टपोऱ्या बियांचा व खोल मुळांचा असतो, हा भेद हॉवर्ड दांपत्याच्या संशोधनाने उघड झाला. पावसाळा संपल्यावर जमिनीच्या पोटात उरलेली ओल खाली खाली जात असते, तिचा पाठलाग करण्यासाठी हे मूळ घडलेले आहे. सप्टेंबरअखेरपासून ऑक्टोबरभर पेरणी. एकरी सुमारे १० किलो बी. दोन ओळींत फुटाचे अंतर. एखादी डवरणी, एखादे निंदण. आणि सुमारे साडेतीन महिन्यांत बोंडे पिकून काढणी. ओलीत असले तर फुलोऱ्यात व बोंडे भरताना एकेक पाणी दिल्याने उत्पन्न पुष्कळ वाढते. नसले तरी पीक अगदीच बुडत नाही. हिरव्या जवसास गुरे सहसा तोंड लावीत नाहीत, म्हणून जुने लोक गव्हाच्या किंवा हरभऱ्याच्या वावराभोवती जवसाच्या चार ओळी धुऱ्याकडेने टाकीत. कुंपणाचे काम होई आणि वर्षाची चटणीही निघे. हा शहाणपणा शिकविण्यास कोणत्याही खात्याचा माणूस आला नव्हता.

पिकास शत्रू नाहीत असे नाही. गादमाशी कळीतच अंडी घालते, तिची अळी कळी पोखरते व बोंडच धरत नाही. पेरणी लवकर उरकली तर पुष्कळ अंशी ती चुकविता येते, म्हणून उशिरा पेरलेला जवस बहुधा तिच्या तोंडी सापडतो. तांबेऱ्याचा उल्लेख वर आलाच आहे. या जवसाच्या तांबेऱ्याने जगाच्या शास्त्रात मोठे नाव मिळविले, ही गोष्ट पुष्कळांस ठाऊक नसेल. अमेरिकेतील नॉर्थ डाकोटा येथे हॅरल्ड फ्लोर या शास्त्रज्ञाने १९४० च्या दशकात जवस आणि त्याची बुरशी यांचे संकर करून असे सिद्ध केले की, झाडातील रोग अडविणाऱ्या प्रत्येक गुणसूत्रकणास बुरशीतही तोडीस तोड कण असतो. आज कोणत्याही पिकाची रोगप्रतिकारक जात काढताना हाच सिद्धांत पायाशी असतो. आपल्याकडे नागपूरच्या कृषिमहाविद्यालयातील संशोधनकेंद्राने एन.एल.-९७, एन.एल.-१६५, एन.एल.-२६० यांसारखी वाणे काढली. म्हणजे बी आहे, ज्ञान आहे, जमीन आहे. तरीही देशातील सरासरी उत्पन्न हेक्टरी पाचसहा क्विंटलांच्या घरात रेंगाळते, याचे मोठे कारण असे की, जवसास नेहमी उरलीसुरली, हलकी जमीन आणि बिनखताची पेरणी मिळते. ज्या पिकाचा भाव अनिश्चित त्यावर शेतकरी खत घालील तरी कसा?

आता तेलाकडे वळू. जवसाच्या बियांत शेकडा ३५ ते ४५ तेल असते, आणि त्या तेलाचा निम्मा किंवा त्याहून अधिक भाग ज्या स्निग्ध आम्लाचा असतो त्याचे नाव अल्फा-लिनोलेनिक. यालाच डॉक्टर मंडळी व दुकानदार ओमेगा-३ वर्गातील म्हणतात. हे आम्ल शरीर स्वतः तयार करू शकत नाही, ते अन्नातूनच मिळवावे लागते. यामुळे पुण्यामुंबईच्या दुकानांत ‘फ्लॅक्स सीड’ या नावाने सुबक पुड्यांतून जवस विकला जाऊ लागला आहे, आणि ती पुडी घेणाऱ्या कित्येकांस हा आपल्या आजोळचाच जवस आहे याचा पत्ताही नसतो. नाव इंग्रजी झाल्याबरोबर तो खाद्य झाला, हा चमत्कार पाहून हसावे की रडावे ते आम्हास समजत नाही.

वर्गवारीचे समर्थन करणारे एक शास्त्रीय कारण पुढे करतात, त्याचा विचार केला पाहिजे. ते म्हणतात, हे तेल लवकर खवट होते, तळणास चालत नाही, म्हणून व्यापारी खाद्य तेल या नात्याने ते निरुपयोगी आहे. यातील वस्तुस्थिती खरी आहे. ज्या गुणामुळे हे तेल रंगात सुकते त्याच गुणामुळे ते डब्यात बिघडते. हवेतील प्राणवायूशी त्याची दोस्ती लवकर जमते. पण यावरून निष्कर्ष काय निघतो? दूरच्या कारखान्यात काढून महिनोन्‌महिने डब्यांत भरून ठेवण्यास ते योग्य नाही, इतकाच. गावच्या घाणीवर आठवड्याचे तेल आठवड्यास काढून थंड व अंधाऱ्या जागी ठेवणाऱ्या घरास हा आक्षेप लागूच पडत नाही. आणि तळण्यासाठी दुसरे तेल घरात असतेच. जवस भाजून त्याची चटणी करण्याच्या आपल्या रीतीतही शहाणपण आहे. कच्च्या जवसात विषारी वायू निर्माण करणारे द्रव्य अल्प प्रमाणात असते व भाजल्याने ते कमी होते. मुंबईजवळील भाभा अणुसंशोधन केंद्राने हे लिनोलेनिक आम्ल फारच कमी असलेले टी.एल.-९९ नावाचे वाण काढले आहे. त्यामागील परिश्रम वाखाणण्यासारखे आहेत आणि टिकाऊ तेलास त्याचा उपयोग होईलही. मात्र ज्या द्रव्यासाठी लोक आज जवस विकत घेतात नेमके तेच काढून टाकल्यावर जवस खाद्य ठरावा, यातला विनोद आमच्या नजरेतून सुटला नाही.

घाणीचा विषय निघाला म्हणजे वर्धेकरांस मान वर करून बोलण्याचा अधिकार आहे. महात्मा गांधींच्या प्रेरणेने डिसेंबर १९३४ मध्ये अखिल भारत ग्रामोद्योग संघ स्थापन झाला व त्याचे ठाणे वर्ध्यास मगनवाडीत पडले, जे. सी. कुमारप्पा त्याचे चिटणीस होते. तेथे झवेरभाई पटेल यांनी बैलघाणीचा बारकाईने अभ्यास करून तिच्यात सुधारणा केली. एका वेळी अधिक बी घेणारी आणि बैलाच्या श्रमाचे अधिक चीज करणारी ही घाणी ‘वर्धा घाणी’ या नावाने देशभर ओळखली गेली. ३० डिसेंबर १९३८ रोजी गांधीजींच्या हस्ते उघडलेले मगन संग्रहालय आजही शहरात उभे आहे. तेल गावात निघाले तर ढेप गावात राहते, मजुरी गावात राहते, आणि ग्राहकास ताजे तेल मिळते, असा कुमारप्पांचा सरळ हिशेब होता. त्या वेळच्या पुष्कळ अर्थशास्त्र्यांनी त्यास भाबडेपणा म्हटले. शेंगदाण्याच्या किंवा सरकीच्या तेलाबाबत वाद चालू शकेल. पण जे तेल साठवणीत बिघडते त्याच्या बाबतीत मगनवाडीचा हिशेब रसायनशास्त्रानेही बरोबर ठरतो. आज बैलाच्या जागी विजेची मोटार असो, त्यास आमची हरकत नाही. हरकत आहे ती वर्ध्याचे बी बाहेर पाठवून त्याचेच तेल बाटलीत परत विकत घेण्यास.

तंतूविषयी थोडेसे. सूत ज्या जिल्ह्याची ओळख झाले, सेवाग्राम व पवनार ज्याच्या पोटात आहेत, तेथे क्षौमाची काडी मळणीनंतर चुलीत जावी, ही गोष्ट मनास टोचते खरी. परंतु येथे आम्ही फार मोठी आशा दाखवू इच्छीत नाही. तंतूसाठी जवस दाट पेरून उंच, बिनफांद्यांचा वाढवावा लागतो, बी पुरते पिकण्यापूर्वी उपटावा लागतो, मग पाण्यात किंवा दवात सडवून वाख सोडवावा लागतो. बियांसाठी पेरलेला आपला जवस ठेंगणा व फांद्यांचा असतो. कंपनी सरकारच्या काळापासून तंतूचे प्रयोग झाले आणि फोर्ब्स रॉइल यांच्या १८५५ च्या ग्रंथात त्यांची चर्चाही आहे. धंदा मात्र रुजला नाही. आज बंगालात रिश्रा येथे लिननची मोठी गिरणी आहे, पण देशातील लिननच्या धंद्यास लागणारा तंतू मुख्यतः फ्रान्स-बेल्जियमकडून येतो. गौरव, जीवन, रश्मी अशी दुहेरी उपयोगाची वाणे उत्तरेकडे निघालेली आहेत. त्यांचा प्रयोग वर्ध्याच्या जमिनीत एखाद्या संस्थेने करून पाहावा. कास्तकाराने मात्र त्याच्या भरवशावर राहू नये.

मुख्य मागणी निराळी आहे, आणि ती मागण्यास संशोधनाची गरज नाही. केंद्र सरकारने गळिताच्या पिकांच्या वर्गवारीतून जवसास लावलेला ‘अखाद्य’ हा शब्द काढावा व अन्नाच्या कायद्यात जी व्याख्या आहे तीच शेतीच्या दप्तरात धरावी. दुसरे असे की, कृषिमूल्य आयोगाने रब्बीच्या शिफारशींत जवसाचा समावेश करावा. हमीभावास आज कायद्याचा आधार नाही, तो केवळ सरकारी निर्णय आहे, हे आम्ही जाणतो. म्हणूनच त्यासाठी संसदेत विधेयक आणण्याचीही गरज नाही, मंत्रिमंडळाचा एक ठराव पुरे होतो. खाद्य तेलाच्या गरजेचा निम्म्याहून अधिक भाग परदेशांतून आणणाऱ्या देशाने आपल्या घरचे एक खाद्य तेल कागदावरून बाद करून ठेवावे, हे कोणत्या अर्थशास्त्रात बसते ते संबंधितांनी एकदा सांगावे. २००६ साली विदर्भातील ज्या सहा जिल्ह्यांस शेतकऱ्यांच्या आत्महत्यांमुळे पंतप्रधानांनी विशेष साहाय्य जाहीर केले त्यांत वर्धा होता. कापूस आणि सोयाबीन या दोनच पिकांवर घर टांगलेले असले म्हणजे एका वर्षाच्या बोंडअळीने किंवा भावाच्या घसरणीने काय होते, हे त्या जिल्ह्यास पुन्हा शिकविण्याची जरुरी नाही. जवसाने कोणी श्रीमंत होणार नाही. पण ज्याच्या पेरणीस थोडे भांडवल लागते असे तिसरेचौथे पीक वावरात असणे म्हणजे सावकाराच्या दाराची एक खेप वाचणे होय.

सरकारची वाट पाहत व्यापाऱ्यांनी मात्र बसू नये. वर्धा, हिंगणघाट, आर्वी व पुलगाव येथील अडत्यांस आमचे असे सांगणे आहे की, जवस थोडा येतो म्हणून तो मिसळून, माती-काडीसह, पडत्या भावात घेण्याची रीत त्यांनी टाकावी. बाजार समितीच्या आवारात जवसाचा ढीग वेगळा पडावा, त्याची चाळणी शेतकऱ्यासमक्ष व्हावी, आणि स्वच्छ मालास वेगळा भाव पुकारला जावा. शहरात ज्या पुडीस चांगली किंमत येते ती पुडी वर्ध्यातच भरली गेली तर अडत्याचेही नुकसान नाही. त्यासाठी चारदोन व्यापाऱ्यांनी एकत्र येऊन पेरणीपूर्वी आपला खरेदीचा भाव लेखी जाहीर करावा. लेखी करार कसा असावा हे सांगण्यास जिल्ह्याच्या न्यायालयांत वकिलांची वाण नाही. पेरणी दसऱ्याच्या पुढेमागे होते. पितृपंधरवड्यात नवे काम काढावयाचे नसेल, तर घटस्थापनेचा दिवस आहे.